आहे रे, नाही रे

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच जी दोनचार क्रियापदे भेटतात, त्यांत 'हॅव' हे एक आहे. चार अक्षरांचे हे कार्टे दिसायला अगदी गरीब. पण आमच्या मुलांना जेवढे ते छळते, तेवढे एखादे लांबलचक क्रियापदही छळत नसेल. कारण उघड आहे. मराठीत त्याला जोडीदारच नाही. 'गो'ला जाणे आहे, 'ईट'ला खाणे आहे, 'गिव्ह'ला देणे आहे. 'हॅव'च्या पुढे मात्र मास्तर 'असणे' असे लिहितो आणि खडू खाली ठेवून खिडकीबाहेर पाहतो. कारण 'असणे' तो कालच 'बी' ह्या क्रियापदाला देऊन बसलेला असतो !

मी निर्मळचा एक मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. भाषाशास्त्रातला अधिकार मला नाही. परंतु शब्दांवर ज्याचे पोट चालते, त्याला एखादा शब्द अडला की चैन पडत नाही. ह्या 'हॅव'च्या मागे हिंडता हिंडता मी व्याकरणातून निघालो तो थेट वसई प्रांताच्या जमिनींच्या इतिहासात जाऊन पोचलो. त्या भटकंतीत जे हाती लागले, ते चकली-कडबोळ्यांच्या सोबतीला वाचकांपुढे ठेवतो.

'आय हॅव टू हँड्स' ह्या वाक्याचे भाषांतर वर्गातला कोणीतरी 'माझ्याजवळ दोन हात आहेत' असे करतोच. लगेच सारा वर्ग हसतो. का हसलात म्हणून विचारावे, तर एकालाही सांगता येत नाही. पण नियम प्रत्येकाच्या कानात बसलेला असतो. हात 'जवळ' नसतात, हात 'मला' असतात. मला दोन हात आहेत, मला एक बहीण आहे, घराला दोन दारे आहेत. जे आपल्यापासून तोडता येत नाही, ते 'ला' प्रत्ययाच्या घरात राहते. जे आज आपल्या हाती आहे आणि उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते, ते 'जवळ' किंवा 'कडे' असते : माझ्याजवळ पैसे आहेत, तिच्याकडे किल्ली आहे. ज्याच्यावर आपला हक्क आहे, ते 'माझे' असते, मग ते शंभर कोस दूर का असेना. आणि धमक, कला, हुशारी ही तर 'अंगी' असतात. इंग्रज ज्या एका खोलीत हात, बहीण, पैसे, घर आणि हुशारी अशी सगळी अडगळ कोंबतो, तिच्याजागी मराठीने चार स्वतंत्र दालने बांधली आहेत.

शिवाय इंग्रजाची ही खोली फार हावरी आहे. तो चहा 'हॅव' करतो, आंघोळ 'हॅव' करतो, पडसेसुद्धा 'हॅव' करतो. आपण चहा घेतो, नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत आंघोळ करतो, आणि पडसे तर आपल्याला न विचारताच होते. इंग्रज बाईने मुलगा 'हॅड' केला असे म्हणतात. आपल्याकडे बाईला मुलगा होतो. मूल, ताप, आनंद, घाई ही माणसाने पकडून आणलेली चीजवस्त नाही. ती माणसाकडे येतात आणि माणूस त्यांचे ठिकाण होतो. म्हणून आपल्या ह्या वाक्यांचा कर्ता 'मी' नसून 'ताप' किंवा 'मुलगा' असतो, आणि 'मी' बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा राहतो.

हे मराठीचे दारिद्र्य आहे असे कोणी समजू नये. संस्कृतातही 'मम' म्हणून काम भागवीत. लॅटिन भाषेत 'मला पुस्तक आहे' अशा घडणीचे वाक्य चालत असे. रशियन माणूस आजही 'माझ्यापाशी आहे' असेच म्हणतो, आणि अरबी माणूसही. जगातल्या कितीतरी भाषांचा कारभार 'हॅव'वाचून सुरळीत चालतो.

आता 'हॅव'चे कूळ पाहू. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचे 'हाबेरे' हे क्रियापद आहे. रूप सारखे, अर्थ सारखा, तेव्हा दोघे सख्खे भाऊ असावेत असे कोणालाही वाटेल. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, त्यांचे रक्ताचे नाते नाही. इंग्रजी 'हॅव'चा खरा भाऊ म्हणजे लॅटिन 'कापेरे', म्हणजे पकडणे, मुठीत धरणे. आणि लॅटिन 'हाबेरे'चे नाते इंग्रजीत जुळते ते कोणाशी ? तर 'गिव्ह' म्हणजे 'देणे' ह्या क्रियापदाशी ! एकाच अर्थाच्या ह्या दोन शब्दांपैकी एकाच्या मुळाशी मूठ आहे, आणि दुसऱ्याचे गोत्र दानाशी जुळते. ही गंमत वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या मुठीतून सुटून मराठीत शिरलेला पहिला मोठा इंग्रज म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. तो १५७९ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या ओव्या त्याने मराठीत रचल्या. जन्मभाषेतले 'हॅव' बाजूला ठेवल्याशिवाय त्याची एक ओवीही नीट बसली नसती. पुढे विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. ह्या परदेशी पंडितांनी जे कष्ट उपसले, त्यांना तोड नाही. परंतु कोशाला शब्दापुढे शब्द ठेवता येतो. 'मला' आणि 'माझ्याकडे' ह्यांच्यामधली भिंत त्याला सहसा दाखवता येत नाही. आणि ती भिंत केवळ व्याकरणाची असती, तर मी एवढी शाई खर्च केली नसती. तिच्या अलीकडे-पलीकडे माणसांचे संसार होते.

आमच्या भूमीची कथाच पाहा ना. विमलासुराचा वध करून परशुरामाने निर्मळचे तीर्थ निर्माण केले, अशी आमच्याकडची कथा. ह्याच परशुरामाने जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपाला दान करून टाकली. दिलेल्या भूमीवर राहायचे कसे, म्हणून त्याने समुद्राला मागे सारून कोकण मिळवले. पुराणातल्या गोष्टीला पुरावा मागू नये. पण कोकणच्या जमिनीची गोष्ट 'देण्या'पासून सुरू होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुरावाच हवा असेल, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत चला. तिथे उषवदाताचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा कोरीव लेख आहे. त्याने जिथे जिथे दानधर्म केला, त्या गावांत आमच्या शेजारच्या सोपाऱ्याचेही नाव आहे. त्यात एका शेताच्या खरेदीची नोंद आहे : एका ब्राह्मणाच्या 'हातून' चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले, आणि ते शेत त्या ब्राह्मणाच्या 'वडिलांचे' होते. कोणाच्या हातचे आणि कोणाच्या मालकीचे, ही दोन नाती त्या दगडावरही वेगळी कोरलेली आहेत. हात आणि हक्क ह्यांत फरक करण्याची आपली सवय इतकी जुनी आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांना वार्षिक फाळ्यावर, बहुधा काही पिढ्यांच्या मुदतीने, लावून दिली. ह्या फाळ्याला ते 'फोरो' म्हणत. मुंबईतल्या 'फोरास' जमिनी आणि फोरास रोड ह्यांची नावे त्याच शब्दावरून पडली. अवघे मुंबई बेट अशाच फाळ्याने गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे होते. १५६३ साली हिंदुस्थानातल्या औषधींवर त्याने छापलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. म्हणजे मुंबई त्या वैद्या'कडे' होती. ती होती मात्र पोर्तुगालच्या राजा'ची'.

पुढे १६६१ साली लग्नाच्या करारात पोर्तुगालने हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केले, आणि भांडण जुंपले. मुंबई म्हणजे किती ? इंग्रज म्हणत, साष्टी आणि ठाणेही त्यात आले. पोर्तुगीज म्हणत, बेट तेवढे घ्या. वाट पाहता पाहता इंग्रजांचा नेमलेला गव्हर्नर अंजदीव बेटावर मरून गेला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक ह्याने ताबा घेतला. त्या समारंभाची नोंद उपलब्ध आहे. ज्या वाड्यात तो पार पडला, तो दोन्या इनेस दे मिरांदा ह्या विधवा सरदारणीचा. बेटाची त्या वेळची फाळेकरीण तीच. कुकने बेटावर पावले टाकली, आणि हातात तिथली माती नि दगड उचलून घेतले. वाचकहो, 'हॅव'च्या मुळाशी मूठ आहे असे मघाशी म्हटले ना ? ती ही मूठ. शब्दाच्या पोटात हजारो वर्षे दडलेली कृती त्या दिवशी मुंबईच्या मातीवर प्रत्यक्ष घडली. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने तेच बेट सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला लावून दिले. मुंबईच्या मातीत ज्यांचा घाम जिरत होता त्या कोळ्या-भंडाऱ्यांच्या 'हॅव'चा विचार ह्या कागदपत्रांच्या देवघेवीत कोणाला सुचल्याचे दिसत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि ह्या प्रांताच्या दप्तरात आपले शब्द आले. वतनदार, मिरासदार, इनामदार, जमीनदार ! ह्या सर्वांच्या शेपटीला जो 'दार' आहे, तो फारसी. फारसीत 'दाश्तन' म्हणजे बाळगणे, जवळ असणे. त्यावरून 'दार' म्हणजे बाळगणारा. मराठीला 'हॅव'सारखे क्रियापद नव्हते. पण सत्तेची भाषा फारसी झाली तेव्हा मालकीसाठी हा तयार प्रत्यय तिने उचलला. संस्कृतातल्या 'धृ' धातूचे ह्या 'दार'शी सख्खे नाते आहे. म्हणजे मुकुटधारी आणि कर्जदार हे एकाच कुळातले. फरक एवढाच की एकाच्या डोक्यावर मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर सावकार.

पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल आला. १८७९ सालच्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सरकारला सारा भरणाऱ्या माणसाला एक इंग्रजी नाव दिले. मराठीत तो कब्जेदार झाला, भोगवटादार झाला. आजच्या सातबाऱ्यावर हा भोगवटादार वरच्या भागात मानाने बसलेला असतो. कुळाच्या नावाला आणि खंडाला वेगळी जागा असते. तीच आपली जुनी भिंत : वर ज्या'ची' जमीन तो, आणि वेगळ्या रकान्यात ज्या'च्याकडे' जमीन तो. नांगर धरणारा, राहाटाला रेडा जुंपणारा, केळीच्या बुंध्याला माती चढवणारा हा बहुधा त्या वेगळ्या रकान्यातला असे. त्याने चार पिढ्या वाडी शिंपली तरी 'कडे'चे 'ची' होत नसे.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात तर ह्याहून भीषण प्रकार होता. तिथे जमीनच नव्हे, माणूसही 'कडे' असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली तरुण जमीनदाराकडे राबत राही. त्याला 'लग्नगडी' म्हणत. 'मला एक भाऊ आहे' आणि 'माझ्याकडे एक गडी आहे' ही दोन वाक्ये पुन्हा एकदा सावकाश वाचा. दोन्हीकडे माणूसच आहे. पण पहिल्या वाक्यातला माणूस नात्याच्या घरात आहे, आणि दुसऱ्यातला छत्री नि किल्लीच्या शेजारी ठेवलेला आहे. इंग्रजीत दोन्ही वाक्यांना 'हॅव'च लागते, आणि हा भेद झाकून जातो. मराठी तो झाकत नाही; ती आपले पाप उघड्यावर बोलून दाखवते. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडे वारली उठले, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे राहिले, तेव्हा वेठ आणि लग्नगडी ह्या प्रथांवरच घाव पडला. माणसाने 'कडे'तून बाहेर पडण्याचा तो लढा होता.

जमिनीच्या बाबतीत तो दिवस १ एप्रिल १९५७ रोजी आला. १९४८ च्या कुळकायद्यात नंतर दुरुस्ती झाली होती. तिच्या अन्वये ह्या 'कृषकदिनी' जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत किंमत ठरायची, ती हप्त्यांनी फेडायची, आणि मग बत्तीस-म कलमाचे प्रमाणपत्र मिळायचे. एका रात्रीत कायद्याने 'माझ्याकडे'चे 'माझी' केले ! महाराष्ट्राच्या इतिहासात व्याकरणाची एवढी मोठी दुरुस्ती दुसरी झाली नसेल.

परंतु कायदा येतो आहे ह्याची चाहूल मालकांनाही लागते. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर ह्यांनी कुळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ साली अहवाल प्रसिद्ध केला. कितीतरी कुळांनी आपल्या जमिनी 'राजीखुशीने' सोडून दिल्याचे त्या पाहणीत आढळले होते. ही खुशी कसली, हे सांगायला नको. धन्याचा दबाव, सणावारी घेतलेले दाणे, पोरीचे लग्न, आणि लिहिता-वाचता न येणारा हात. मामलेदारापुढे 'जमीन माझ्याकडे नाही' एवढे एक वाक्य बोलले की पुरे; पिढ्यांचा घाम त्या 'नाही'त वाहून जाई. भाषेचे प्रश्न परीक्षेच्या गुणांपुरतेच असतात असे ज्याला वाटते, त्याने हे 'नाही' आठवावे.

ज्यांना प्रमाणपत्र मिळाले, त्यांतला एक म्हातारा माझ्या लहानपणी आमच्या शेजारी राहत असे. तो कागद त्याने पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली जपला होता. त्याच्या बोलण्यात एक गमतीचा भेद होता. जुन्या दिवसांची गोष्ट सांगताना तो 'आमच्याकडची वाडी' म्हणे. नंतरचे काही सांगताना 'आमची वाडी'. तीच विहीर, त्याच केळी, तोच पानवेलींचा मांडव. एका 'कडची'चा फरक. पण तो उच्चारताना म्हातारा ताठ बसत असे.

इंग्रजीत 'हॅव' असलेले आणि 'हॅव' नसलेले असे माणसांचे दोन वर्ग करण्याची पद्धत आहे. ही कल्पनाही जुनी. सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात सांचो पांझा आपल्या आजीचे असेच मत सांगतो : जगात घराणी दोनच, एक असण्याचे आणि एक नसण्याचे. आपल्या चळवळींत ह्या दोन वर्गांना मराठी नावे मिळाली, ती 'आहे रे' आणि 'नाही रे'. मला ह्या शब्दांचे फार कौतुक वाटते. शब्दाला शब्द बसवणाऱ्याने 'धारक' आणि 'अधारक' असले काहीतरी दगडी घडवले असते. इथे मात्र माणूस बोलताना ऐकू येतो. 'रे' म्हणजे कोणीतरी कोणालातरी हाक मारतो आहे. घरात तांदूळ आहे का ? 'नाही रे.' जमीन आहे का ? 'नाही रे.' 'हॅव' हे क्रियापद एकट्या माणसाची मूठ दाखवते. 'नाही रे' म्हणायला समोर दुसरा माणूस लागतो.

आज निर्मळ वसई-विरार महानगरपालिकेच्या काठाशी आहे. ती पालिका २००९ साली झाली, आणि २०१४ पासून आमचा जिल्हा पालघर. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला पूर्वी कलेक्टरची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने ती अट सैल झाली : खरेदीला दहा वर्षे लोटली असली, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन विकता येते. वाड्या विकल्या जात आहेत, इमारती उठत आहेत. विकणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पोरांची शिक्षणे, दुखणी-खुपणी, सगळ्यांना पैसा लागतो. फक्त एवढेच दिसते की, जी जमीन 'कडे'ची 'ची' व्हायला शतके लागली, ती आता पुन्हा 'कडे'च्या दालनात चालली आहे : आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, छत्रीसारखी आणि किल्लीसारखी.

पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो. सारे त्रैलोक्य ज्याच्याकडे होते, त्याच्या दारी बटू आला आणि तीन पावले जमीन मागू लागला. गुरू नको म्हणत असता बळीने ती दिली. मूठ वळणारे राजे इतिहासात पुष्कळ झाले. त्यांची नावे शोधायला दप्तरे उपसावी लागतात. मूठ उघडणाऱ्या ह्या एका राजासाठी मात्र घरोघर दिवे लागतात, आणि त्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून बायाबापड्या अजून देवाला विनवतात.